दादाचं निर्भेळ दूध

माझा दादा दूधवाला होता आणि त्याच्या दुधात पाणी नसायचं. हे मी बहीण म्हणून सांगत नाहीये. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, घोरतो, आणि जेवताना तोंडातून शब्द काढत नाही. पण दुधाच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. आमच्या भागात आणखी एक दूधवाला होता, त्याला सगळे पाणचट म्हणायचे, तेही तोंडावर. तो दुधात बेधडक पाणी ओतायचा आणि रंग यावा म्हणून दुकानातली दुधाची भुकटी कालवायचा. वर हसून म्हणायचा, "अहो, गाय तरी काय पिते? पाणीच ना?" माणूस गोड होता, दूध तेवढं सोडून द्या.

दादाच्या चार गाई होत्या. वस्तीबाहेरच्या उतारावर त्या दिवसभर मोकळ्या चरायच्या. पहाटे वहिनी धारा काढायची आणि दादा सायकलला कॅन अडकवून निघायचा. त्याची एक रीत होती आणि ती त्याने कधी मोडली नाही. ज्या घरात लहान मूल, तिथे दूध आधी. धारोष्ण, फेस मावळायच्या आत. मोठ्या माणसांची घरं मागून. बँकेतल्या साहेबांच्या बायकोने एकदा दारातच धरला त्याला. "आम्ही रोज शेवटी का हो? आम्ही काय पाप केलंय?" दादा म्हणाला, "तुम्हाला दात आलेत ताई. थांबा जरा." बाई इतक्या हसल्या की भांडायचं राहून गेलं. लेकरांच्या घरी माप भरून झालं की वर एक धार जास्तीची सोडायचा, त्याचा हिशोब नाही.

मी त्यांच्याकडेच राहायचे. नवऱ्याने मला सोडलं की मी नवऱ्याला, यावर अजून एकमत झालेलं नाही, पण शिलाई मशीन मी घेऊन आले हे नक्की. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, शाळेचे गणवेश शिवायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द सुनावायचे, असं माझं बरं चाललं होतं.

दादाला एकच मुलगी. तिला आम्ही भोंगा म्हणायचो. जन्मली तीच अशी रडली की सुईण म्हणाली, हिला बाहेर ठेवा, बाकीची बाळं उठतील. बोलायला लागली तशी तर सोयच राहिली नाही. मी मशीन चालवत असले आणि ती मागच्या गोठ्यात असली, तरी मशीनच्या खडखडाटावरून तिचा आवाज यायचा. "आत्याऽऽ, माझी रिबीन कुठंय?" मी ओरडायचे, "माझ्या डोक्यावर!" मग ती खरंच येऊन माझ्या डोक्यावर शोधायची. एवढीशी होती तेव्हा. कार्टी लबाड होती नुसती.

डोंगरापलीकडे सैन्याचं मैदान आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ट्रक जायचे, ताडपत्री बांधलेले. विचारायची पद्धत नव्हती. एका सकाळी, उजाडायच्या आधी, भिंतीवर असा उजेड पडला की मशीनची सुई दिसली मला अंथरुणातून. मग खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गाई हंबरायला लागल्या. दुपारी वाऱ्याबरोबर करडी बारीक धूळ आली. दोरीवरच्या कपड्यांवर बसली, गाईंच्या पाठीवर बसली, उतारावरच्या सगळ्या गवतावर बसली.

संध्याकाळी कर्णा लावलेली जीप आली. चाचणी यशस्वी झालीय, देशाला अभिमान आहे, घाबरण्याचं कारण नाही. कपडे झटका, हातपाय धुवा, खिडक्या पुसून घ्या. शाळेत मुलांना रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आमच्या भोंग्याने सगळ्यात जोरात वाजवल्या असणार, तिचं सगळंच जोरात.

खिडक्या पुसा म्हणाले. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खिडक्या! गाई काही आठवडे आत बांधा, कोरडा चारा घाला, हे दूध पोरांना देऊ नका, एवढं बोलायला जिभेला काय झालं होतं? त्यांना माहीत होतं. माहीत असलेली माणसं त्या मैदानावर पगार घेत होती. पण ते बोलले असते तर लोकांनी विचारलं असतं, असं काय आहे त्या धुळीत? मग टाळ्या कुणी वाजवल्या असत्या?

त्या आठवड्यात पोरांचे घसे धरले, डोळे चुरचुरले. दादाच्या जिवाला घोर लागला. त्याने काय करावं? त्याला दुधाशिवाय दुसरं औषध माहीत नव्हतं. ज्या ज्या घरात लहान मूल, तिथे तो मापावर एका धारेऐवजी दोन दोन सोडायला लागला, आणि पहिल्यापेक्षा लवकर पोचायला लागला. सायकल अशी हाणायचा की वहिनी म्हणायची, पडाल एखाद्या दिवशी. पाणचटच्या गिऱ्हाइकांची मुलं मात्र नेहमीसारखीच भुकटीचं पाणी पीत राहिली.

पुढची काही वर्षं काही म्हणजे काही झालं नाही. भोंगा वाढली, अजून मोठ्याने बोलायला लागली. मग एका वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी तिचा नवा गणवेश अंगावर घालून बघत होते, तर वरचं बटण लागेना. मापात माझी चूक होत नाही. मी म्हटलं, "अगं म्हशे, किती खातेस? मान बघ." ती म्हणाली, "तूच शिवायला विसरलीस, म्हातारी झालीस आत्या." मी पुन्हा टेप लावली, आणि टेपखाली माझ्या बोटाला ती गाठ लागली. गळ्याच्या डाव्या बाजूला, सुपारीएवढी, टणक. मी बोट तसंच ठेवलं. ती म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, कॉलर बदलून देते."

शहरातल्या हॉस्पिटलात गळा कापला, गाठ काढली. कर्करोग होता. गाठ काढताना आवाजाची नस गेली. भूल उतरल्यावर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. तिला वाटलं आपल्याला तहान लागलीय म्हणून असं होतंय. पाणी प्यायली, परत बोलून बघितलं, परत हवा. मग तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यानंतर तिचं बोलणं म्हणजे कुजबुज. कान तोंडापाशी न्यावा लागायचा. आणि दादाचे कान तोवर चांगलेच अधू झालेले. बापाला ऐकू येईना, लेकीला आवाज काढता येईना. मग मधे मी. ती माझ्या कानात सांगायची, मी दादाला ओरडून सांगायचे. कधीकधी ती मला शिव्या द्यायची आणि मी दादाला सांगायचे, "म्हणते, आत्या फार छान शिवते." ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. भोंगा हे नाव मात्र आमच्या घरात परत कुणाच्या तोंडून निघालं नाही; तुम्हाला सांगताना तेवढं निघतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मास्तरांच्या धाकटीला तशीच गाठ आली. बेकरीवाल्याच्या मुलाला आली. कोपऱ्यावरच्या जुळ्यांपैकी एकीला आली. मास्तरांची धाकटी गेली. मग लोकांनी डोकी लावली आणि त्यांच्या लक्षात आलं की ही सगळी दादाच्या दुधाची घरं. पाणचटच्या एकाही घरात काही नाही. झालं. काहीतरी मिसळत असणार म्हणाले. पावडर टाकत असेल, सोडा टाकत असेल, गाईंना कसली इंजेक्शनं देत असेल. दारावर गेलं की लोक भांडं पुढे करेनात. कॅन भरलेले परत यायला लागले. वहिनी गोठ्यात जाऊन बसायची. दादा कुणाशी भांडला नाही. मी भांडले, सगळ्यांशी, पण माझ्या भांडणाला किंमत किती, ते मलाही माहीत आहे.

आणि कोण उभा राहिला आमच्या बाजूने? पाणचट! भर चौकात गळा फाडून ओरडला, "अरे गाढवांनो, भेसळ मी करतो! हा नाही! ह्याच्या दुधात दूधच असतं, मी स्वतःच्या आईसाठी ह्याच्याकडून घ्यायचो!" सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही.

मग एक डॉक्टरीणबाई आल्या. अणुबॉम्बवर कायमची बंदी यावी म्हणून देशोदेशीची माणसं काम करतात, त्यांच्यापैकी एक. गोठ्याशेजारच्या खोलीत आमच्यासमोर बसल्या. भोंगा तेव्हा हॉस्पिटलात होती. दुखणं परत आलं होतं, ह्या वेळी फुप्फुसात. बाईंनी सगळं हळू आवाजात सांगितलं आणि मी ते दादाला मोठ्याने सांगितलं. धुळीत विष होतं. ते गवतावर बसलं, गवत गाईने खाल्लं, ते दुधात उतरलं. लहान मुलांच्या गळ्यातली एक ग्रंथी ते विष ओढून घेते. आणि ते विष फार टिकत नाही, आठवड्याआठवड्याला निम्म्यावर येतं, काही आठवड्यांत जवळजवळ संपतं. म्हणून दूध जितकं ताजं तितकं वाईट.

 दादाने विचारलं, "मी पाणी घातलं असतं तर?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, सांगा.

"निम्मं पाणी असतं, तर पोटात निम्मंच गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि भुकटी जुनी असते. तिच्यात काही नव्हतं."

हे वाक्य मलाच दादाच्या कानात ओरडावं लागलं. दोनदा. पहिल्यांदा त्याला ऐकू आलं होतं, तरी त्याने "काय?" म्हणून विचारलं.

जाताना बाई मला दारात म्हणाल्या, "लोक मला म्हणतात, बॉम्ब आहे म्हणून युद्ध होत नाही. मी म्हणते, तुमच्याकडे कुठे युद्ध झालं होतं? आणि खरंच कधी एखाद्या शहरावर पडला, तर माझ्या हॉस्पिटलात भाजलेल्यांसाठी आहेत ते पलंग एका वॉर्डात मावतात. मीसुद्धा त्या भाजलेल्यांतच असेन. कोण कुणाला बघणार?"  आमच्यावर शत्रूने काही टाकलं नव्हतं. आपल्याच माणसांनी नुसतं करून बघितलं होतं.

शहरात ह्या आजारांच्या चौकशीसाठी मोठी सभा ठरली. सैन्याच्या मैदानाच्या वतीने बोलणारे अधिकारी येणार होते, आणि त्यांचं म्हणणं आधीच ठरलेलं होतं: इथली माणसं दुकानातल्या भुकटीचं दूध पितात, गाईचं नाही, म्हणून ह्या आजारांचा चाचणीशी संबंध नाही. कुठल्या कुठल्या घरात ताजं दूध जात होतं हे नेमकं सांगू शकणारा माणूस एकच. बाईंनी दादाला विचारलं. दादा नाही म्हणाला.

कारण भोंगाही जाणार होती. तिने हट्टच धरला होता, माझा गळा दाखवते त्यांना म्हणाली. तिला बॉम्बचं माहीत होतं. तिला वाटायचं, वाऱ्याने झालं. भेसळीची आवई तिने खोटी म्हणून सोडून दिली होती; विष दुधातून आलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, दादाने आम्हाला शपथ घातली होती.

"वारा म्हणू दे तिला," तो मला म्हणाला. "वाऱ्याला हात नसतात."

मी चिडले. "तू गप्प बसलास तर ते म्हणतील काही झालंच नाही. उद्या परत फोडतील. तिथे दुसऱ्या कुणाच्या गाई चरत असतील, दुसरा कुणी असाच सायकल हाणत असेल."

"डॉक्टर म्हणाले, तिला फार दिवस नाहीत," दादा म्हणाला. "तेवढे दिवस ती माझ्या हातांकडे बघत बसेल. ते तू सहन करशील? मी नाही करणार."

 मी माझी मशीन आवरत बसले.

सभेला आम्ही तिघं गेलो, दादा नुसता सोबत म्हणून; वहिनी गाईंपाशी राहिली. मोठी खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, समोर खुर्च्यांच्या रांगा. भोंगा आमच्या दोघांच्या मधे बसलेली, गळ्याभोवती रुमाल. आपली पाळी आली तेव्हा तिने उभं राहून तो रुमाल सोडला आणि परत बांधला, बोलणं तर शक्यच नव्हतं. मग टेबलापलीकडचा अधिकारी उठला. चांगला शांत, सुशिक्षित माणूस. तो म्हणाला, आम्हाला सहानुभूती आहे, पण त्या भागात गाईच्या ताज्या दुधाचा वापर जवळजवळ नव्हताच. मी सवयीने दादाच्या कानात ते सांगितलं. सांगायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

दादा उठला. टेबलाकडे न बघता बोलायला लागला, ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने. "मास्तरांचं घर. आधी तिथे, धाकटी रांगत होती. मग बेकरी. मग जुळ्यांचं घर, तिथे दोन मापं." अशी एकेक घरं, ज्या क्रमाने सायकल जायची त्याच क्रमाने. "निर्भेळ दूध. मी दिलं. ह्या हाताने. धूळ पडली त्या दिवशीही, त्यानंतरही रोज. आणि आमच्या घरी माझ्या पोरीला."

मी भोंग्याकडे बघायचं टाळत होते. तिचा हात माझ्या हातात होता. तो हलला नाही.

अधिकारी वाईट माणूस नसावा, त्याने आवाज चढवला नाही. त्याने विचारलं, "पण मग तुम्ही? तुमची पत्नी, तुमची बहीण? गोठा तुमच्याच घरात. तुम्ही तर रोज तेच दूध पीत असाल. तुम्हाला तर काही झालेलं दिसत नाही."

सगळ्या खोलीने आमच्याकडे बघितलं. मी दादाच्या कानाशी गेले आणि प्रश्न सांगितला. त्याला काही वेगळं विचारलंय असं वाटलंच नाही. साधेपणाने म्हणाला, "आम्ही नाही प्यायलो. त्या दिवसांत मुलं आजारी होती, दूध पुरायला पाहिजे होतं. आम्ही तिघं कोरा चहा घ्यायचो. आमच्या वाटणीचंही तिलाच द्यायचो."

 डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. अधिकाऱ्याने समोरची बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली. दादा मात्र उभाच होता, अजून काही विचारायचंय का म्हणून वाट बघत. शेवटी मी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. दादा तिच्याकडे बघेना. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता, शाळेत शिक्षा झालेलं मूल बसतं तसा. भोंग्याने माझा पदर ओढला. मी कान नेला.

"आत्या," ती म्हणाली, "मला दूध कधी आवडलंच नाही गं. ओकारी यायची. पण बाबा समोर बसायचे ना. पेला रिकामा झाला की इतके खूश व्हायचे, म्हणून प्यायचे."

ती रडत नव्हती. उलट जुनी चोरी सांगताना हसावं तशी थोडी हसत होती.

"काय म्हणाली?" दादाने कानामागे हात धरला. "काय म्हणाली ती? रागावली का?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. जन्मभर ज्याला त्याला तोंडावर खरं सुनावलेली बाई मी.

"दमलेय म्हणते," मी ओरडले. "घरी चला म्हणते."

भोंग्याने माझ्याकडे बघितलं, मग हात पुढे करून दादाचा एक हात मांडीखालून ओढून काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला. गाडी येईपर्यंत दोघं तसेच बसले होते.

त्याच हिवाळ्यात ती गेली. दादाने गाई विकून टाकल्या. आता तो दिवसभर माझ्या मशीनशेजारी बसतो आणि अधूनमधून, मधेच केव्हातरी, विचारतो, "त्या दिवशी व्हरांड्यात नक्की काय म्हणाली गं ती?"

मी मशीन थांबवते आणि त्याच्या कानात ओरडते, "घरी चला म्हणाली."